जामीन मंजूर, तरी माणूस आतच : आदेशात एक ओळ हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कारागृहांतल्या गर्दीवर बातमी आली की चर्चा दोन वाटांनी जाते. नवीन कारागृहे बांधा, नाहीतर खटले लवकर निकाली काढा. दोन्ही करायलाच हवे आणि दोन्हींना वर्षे लागणार. पण न्यायालयाने ज्याला जामीन दिला आहे, तो माणूस अजून बराकीत का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याच्यासाठी ना नवी इमारत लागते, ना नवा कायदा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही असे. चारांतले तीन. २०२२ च्या नोव्हेंबरात संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपतींनी गरीब कैद्यांचा विषय मांडला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने, जामीन होऊनही आत राहिलेल्यांची माहिती मागवली. सुमारे पाच हजार न्यायाधीन बंदी असे निघाले. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणांनी त्यांतल्या २,३५७ जणांना मदत दिली आणि १,४१७ सुटले. म्हणजे नुसते कुणीतरी लक्ष घातले, तेवढ्यावर चौदाशे माणसे घरी गेली. त्यांच्या सुटकेच्या आड कायदा नव्हता.

मग आड काय येते? आपल्याकडच्या तालुका न्यायालयात रोज दिसणारा आदेश घ्या : ‘आरोपीस १५,००० रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यास मुक्त करावे.’ जातमुचलका म्हणजे तारखेला हजर राहीन, नाहीतर ठरलेली रक्कम भरीन, असे आरोपीने स्वतः लिहून देणे. वाचायला साधे वाक्य आहे. आता हे वाक्य परभणीहून पुण्यात बांधकामावर आलेल्या, मोबाइल चोरीच्या आरोपाखाली धरलेल्या मजुराच्या बायकोच्या जागी उभे राहून वाचा. जामीनदार म्हणजे न्यायालयात प्रत्यक्ष येऊन उभा राहणारा माणूस. त्याच्याकडे आधार, रेशनकार्ड, फोटो, राहण्याचा पुरावा हवा. शिवाय ऐपतीचा पुरावा हवा, म्हणजे सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. काही ठिकाणी त्यावर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. काही ठिकाणी जामीनदाराच्या पत्त्याची पोलीस ठाण्याकडून पडताळणी मागवतात आणि तो अहवाल येईपर्यंत सुटकेचा आदेश निघत नाही. पुण्यात तिच्या ओळखीचे जे लोक आहेत ते त्याच पत्र्याच्या वस्तीत राहतात. भाडेकरार कुणाकडे नाही, घरपट्टी ठेकेदाराच्या नावावर. गावाकडचा दीर सातबारा घेऊन आला तर ‘स्थानिक जामीनदार आणा’ म्हणून त्याला परत पाठवतात.

आणि तो सातबारा तरी कसा असतो? मराठवाड्यातली किंवा विदर्भातली जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही. झाली असेल तर सामाईक खाते, पाच भावांची नावे, हिस्सा किती ते वेगळे दाखवलेले नाही. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असतो. वर्ग २ ची जमीन असेल तर तिच्या हस्तांतरणावरच निर्बंध, मग ती ऐपत म्हणून धरायची की नाही यावर घोळ. यांतले एकही कारण त्या दिराच्या प्रामाणिकपणाशी किंवा आरोपी तारखेला येईल की नाही याच्याशी जोडलेले नाही. जामीनदार मागण्यामागचा हेतू मात्र तेवढाच आहे : आरोपी तारखेला हजर राहावा.

ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांच्यापुरता तर हा दरवाजा कायमचा बंद. पारधी वस्त्या, ऊसतोडीच्या टोळ्या, स्टेशनावर राहणारी मुले, घरच्यांनी नाव टाकलेल्या बायका. त्यांच्यासाठी ‘सक्षम जामीनदार’ हे दोन शब्द जामीन नाकारल्यासारखेच आहेत. फरक इतकाच की कागदावर जामीन मंजूर दिसतो, त्यामुळे आकडेवारीत तो न्यायालयाच्या बाजूने मोजला जातो आणि वकीलपत्र घेतलेल्याचेही काम संपल्यासारखे होते.

ऐपतीच्या दाखल्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण तो कायद्यानेच मागितला आहे असा समज पक्का झाला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेला फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा. तिचे कलम ४८५ (जुन्या संहितेचे ४४१) सांगते की जामीनदार योग्य व पुरेसा आहे की नाही हे ठरवण्यासाठी न्यायालय शपथपत्र स्वीकारू शकते. गरज वाटली तर स्वतः चौकशी करू शकते किंवा कनिष्ठ दंडाधिकाऱ्याकडून करवून घेऊ शकते. तहसीलदाराचा दाखला आणलाच पाहिजे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तहसील कार्यालयात अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याची सही, मग दाखला, हा सगळा प्रवास १५ हजारांच्या मुचलक्यासाठी करायला लावणे ही प्रथा आहे. प्रथा न्यायालयानेच पाडली, न्यायालयच ती मोडू शकते. कलम ४८४ तर बजावते की मुचलक्याची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी.

हे सारे नवे नाही. १९७८ मध्ये मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात हाच पेच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. गवंडीकाम करणारा माणूस, सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिलेला. दंडाधिकाऱ्याने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत कोरडे ओढले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे पडून असलेल्यांची स्थिती उघडी पडली. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ‘स्थानिक जामीनदार’ हा शब्द आदेशांतून जात नाही, याचा राग यायला हवा.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सविस्तर निर्देश दिले. जामीन देणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकामार्फत बंद्याला ई-मेलने पाठवायची. अधीक्षकाने जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणकीय नोंदप्रणालीत भरायची. तारखेपासून सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा कारागृहाला भेट देणारा वकील पाठवून अडचण काय ते पाहायचे, परिवीक्षा अधिकाऱ्याची मदत घेऊन बंद्याची आर्थिक-सामाजिक स्थिती न्यायालयापुढे ठेवायची. बाहेर जाऊन जामीनदार आणतो असे बंदी म्हणाला तर तात्पुरता जामीन देण्याचा विचार व्हावा. महिनाभरात मुचलका झाला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करता येतात का ते पाहावे. आणि सुटका लांबण्याचे एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे असल्याने अशा प्रकरणांत ती अट घालू नये.

प्रत्यक्षात ही साखळी तुटते ती सातव्या दिवशी. ई-मेल जातो, तारीख भरली जाते, पण सात दिवस उलटलेल्यांची यादी कुणी काढायची हे ठरलेले नसते. कारागृहातला लिपिक म्हणतो, वकील बघतील. वकील म्हणतो, नातेवाईक आले नाहीत. प्राधिकरणाकडे पत्र येते तेव्हा महिना उलटलेला असतो. दर सोमवारी प्रत्येक कारागृहातून ‘जामीन मंजूर, सुटका नाही’ अशी एका पानाची यादी निघावी. त्यात नाव, न्यायालय, गुन्हा क्रमांक, आदेशाची तारीख, मागितलेली रक्कम आणि अडल्याचे कारण एवढेच रकाने असावेत. यादी त्याच दिवशी प्राधिकरणाच्या सचिवांकडे आणि गरीब आरोपींना सरकारी खर्चाने बचावाचा वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयाकडे जावी. प्रणालीत तारीख भरलेलीच असते, यादी काढणे दहा मिनिटांचे काम आहे.

आता पैशांकडे येऊ, कारण या पत्राचा मुख्य मुद्दा इथे आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना साहाय्य करण्याची योजना आणली. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या न्यायाधीन बंद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरू न शकणाऱ्या शिक्षा झालेल्या बंद्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत तिच्या मूळ नियमांत होती. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि कारागृहाचे काम पाहणारे न्यायाधीश यांची जिल्हा समिती मंजुरी देते. प्राधिकरणाच्या सचिवांनी अशी प्रकरणे दर दोन-तीन आठवड्यांनी तिच्यापुढे ठेवायची, असे त्या मूळ नियमांत ठरले होते. भ्रष्टाचार प्रतिबंध, मनी लाँड्रिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) खालची प्रकरणे योजनेतून वगळली आहेत. खटला संपल्यावर ती रक्कम सरकारकडे परत जाते. सरकारचा पैसा यात बुडत नाही, अडकून राहतो इतकेच.

योजना चांगली आहे. पण सरकार पैसे भरू शकते, जामीनदार उभा करू शकत नाही. आदेशात ‘एक सक्षम जामीनदार’ एवढेच लिहिले असेल तर समितीने ४० हजार मंजूर करूनही ते भरायचे कुठे? नाझर, म्हणजे न्यायालयात पैसे स्वीकारणारा अधिकारी, ते घेणार नाही, कारण आदेशात रोख रकमेचा उल्लेख नाही. मग वकिलाने अट बदलण्याचा अर्ज करायचा, त्यावर सरकारी वकिलाचे म्हणणे मागवायचे, तारीख पडायची, तोवर समितीची पुढची बैठक निघून जायची. हे सगळे टाळायला मूळ जामीन आदेशात एक ओळ पुरते : ‘अथवा, जामीनदाराऐवजी तेवढी रक्कम रोख जमा करावी.’ कलम ४९० (जुने ४४५) ही मुभा आधीपासून देते. मुंबई उच्च न्यायालयाच्या कित्येक जामीन आदेशांत तात्पुरत्या रोख जामिनाची परवानगी असते, म्हणजे रोख भरून आधी सुटायचे आणि ठरावीक आठवड्यांत जामीनदार आणून द्यायचा. मात्र जामीनदार मुदतीत मिळाला नाही तर वाढीव मुदतीचा अर्ज आठवणीने करावा लागतो. गरिबाच्या बाबतीत तो राहून जातो आणि माणूस पुन्हा आत जातो. म्हणून तालुका पातळीवर ‘तात्पुरता’ हा शब्द न घालता रोख रक्कम हाच खटल्याअखेरपर्यंतचा पर्याय ठेवणे बरे. रक्कमही ऐपत पाहून ठरवावी. ज्याची दिवसाची मजुरी पाचशे रुपये आहे त्याच्यासाठी २५ हजार रोख हीसुद्धा भिंतच.

रोख भरण्याची स्वतःची एक खोच आहे. खटला संपल्यावर पैसे परत मिळवायला नाझराची मूळ पावती लागते. चार वर्षांनी ती सापडत नाही आणि भरणाऱ्याचे नाव पावतीवर चुकलेले असते. म्हणून पावती आरोपीच्या नव्हे, तर ज्याने पैसे भरले त्याच्याच नावाने घ्यावी, तिची प्रत वकिलाच्या फाइलमध्ये ठेवावी.

जामीनदाराशिवाय सोडण्याचा दुसरा रस्ता नव्या संहितेतच आहे आणि त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे. कलम ४७९ नुसार, फाशी वा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला जामीन द्यायचा आहे. आणि ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही त्याला एक तृतीयांश काळानंतरच सोडायचे आहे. साध्या चोरीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे व शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३०३ (२) ला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे पहिल्याच वेळच्या आरोपीचा एक तृतीयांश काळ एका वर्षाने पुरा होतो. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत, तिथे दोन वर्षे चार महिने. आरोपीने स्वतः खटला लांबवला असेल तर तो काळ धरत नाहीत. या एक तृतीयांशच्या तरतुदीत कायदा ‘बॉण्डवर सोडावे’ असे म्हणतो आणि संहितेच्या कलम २ मध्ये बॉण्ड म्हणजे जामीनदाराविना दिलेला वैयक्तिक मुचलका, अशी व्याख्या आहे. म्हणजे सरकारी वकिलाचे म्हणणे ऐकून लेखी कारण दिल्याशिवाय अशा बंद्याकडून जामीनदार मागता येत नाही. तरीही सवयीने मागितला जातो. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही लागू केले आहे, त्यामुळे जुना गुन्हा आहे ही सबब उरत नाही.

अर्ज करण्याची जबाबदारी पोटकलम ३ ने कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. त्याची अडचण खरी आहे : बंद्याला पूर्वी शिक्षा झाली होती का, हे कारागृहाच्या नोंदीतून कळत नाही, पोलिसांकडून मागवावे लागते. त्याहून मोठी अडचण पोटकलम २ ची. एकापेक्षा अधिक गुन्ह्यांत किंवा अनेक प्रकरणांत तपास वा खटला प्रलंबित असेल तर या कलमाखाली सोडायचे नाही, असे ते सांगते. मोबाइल चोराच्या नावावर पोलीस एकदम तीन-चार गुन्हे दाखवतात हे फौजदारी काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एकाच गुन्ह्यात दोन कलमे लावली तरी ‘अधिक गुन्हे’ होतात, असाही अर्थ काढला जातो. हे पोटकलम दुरुस्त करायला हवे आणि ते काम संसदेचे आहे. अनेक प्रकरणे असतील तेव्हा निदान जामीनदारांचा गुणाकार तरी होऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्येच गिरीश गांधी प्रकरणात, १३ गुन्ह्यांत जामीन मिळालेल्या माणसासाठी सर्वोच्च न्यायालयाने एका राज्यातल्या सर्व गुन्ह्यांना तेच दोन जामीनदार चालवून घेतले. आपल्या न्यायालयांनी हा मार्ग बिनदिक्कत वापरावा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. आरोपी पळून गेला की खटला वर्षानुवर्षे पडून राहतो, फिर्यादी हेलपाटे घालून थकतो. खरे आहे. पण जामीनदार हा त्यावरचा इलाज ठरतो का? जामीनदार मिळवणे जितके अवघड, तितका बनावट जामीनदारांचा धंदा मोठा. खोटी रेशनकार्डे, खोटे सातबारे घेऊन न्यायालयाच्या आवारात उभे राहणाऱ्यांच्या टोळ्या महाराष्ट्रात वारंवार पकडल्या गेल्या आहेत. मुरलेला गुन्हेगार पैसे फेकून असा जामीनदार विकत घेतो आणि पळतो. कलम ४८६ नुसार प्रत्येक जामीनदाराने आपण आणखी किती जणांना जामीन आहोत हे जाहीर करायचे असते. ती माहिती राज्यभर एका ठिकाणी जमा केली आणि डिजिटल सातबारा त्याच्यावरच्या क्यूआर कोडवरून न्यायालयातच तपासला तर पोलीस ठाण्याच्या अहवालासाठी थांबायची गरज फारशी उरणार नाही. हजेरीची खात्रीच हवी असेल तर पोलीस ठाण्यात महिन्यातून ठरावीक दिवशी हजेरी, दोन नातेवाइकांचे चालू मोबाइल क्रमांक, पत्ता बदलल्यास कळवण्याचे बंधन, तारखेच्या आदल्या दिवशी संदेश, या अटी सातबाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

शेवटचा टप्पा कागदाचा. मुचलका झाल्यावर न्यायालयातून सुटकेचा आदेश, ज्याला सगळे रिलीज मेमो म्हणतात, तो कारागृहात जातो. तिथे तो न्यायालयीन कोठडीच्या वॉरंटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतात. वॉरंटवर वडिलांचे नाव ‘बाबुराव’ आणि मेमोवर ‘बाबू’, वॉरंटवर गुन्हा क्रमांक आणि मेमोवर फक्त आरसीसी (न्यायालयातल्या खटल्याचा) क्रमांक, एक कलम राहिलेले, शिक्का अस्पष्ट, यांपैकी काहीही असेल तर मेमो परत येतो. शनिवार-रविवार जोडून आला तर तीन दिवस गेले. गाझियाबादच्या कारागृहात एका बंद्याच्या आदेशात कलमाचे उपकलम लिहायचे राहिले, एवढ्यावर त्याला अडकवून ठेवले. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पाच लाख रुपये भरपाई द्यायला उत्तर प्रदेश सरकारला सांगितले. आपल्या आर्थर रोडचेही उदाहरण ताजे आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात देशभर गाजलेल्या प्रकरणात कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत कारागृहाच्या जामीन पेटीत पडला नाही, म्हणून आरोपीला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्याच्यासाठी देशातले नामवंत वकील उभे होते. ज्याच्या मागे कुणीच नाही त्याच्या किती रात्री अशा जात असतील? सर्वोच्च न्यायालयाचे आदेश थेट कारागृहात पोचवणारी ‘फास्टर’ प्रणाली ३१ मार्च २०२२ पासून सुरू आहे. रिलीज मेमोही तालुका न्यायालयातून डिजिटल सहीने थेट अधीक्षकाच्या खात्यावर जावा आणि त्यात नाव, वय, वडिलांचे नाव, गुन्हा क्रमांक हे वॉरंटवरूनच आपोआप उचलले जावे.

उच्च न्यायालयाने जामीन आदेशाचा एक नमुना सर्व जिल्ह्यांना पाठवावा, ही माझी विनंती आहे. त्यात आधी वैयक्तिक मुचलक्याचा विचार, नाहीतर जामीनदार किंवा रोख असा पर्याय, स्थानिक असण्याची आणि ऐपतीच्या दाखल्याची अट नाही, आणि जातमुचलका कारागृह अधीक्षकासमोर करून घेण्याची मुभा, एवढे छापलेले असावे. जिल्हाधिकाऱ्यांनी गरीब कैदी साहाय्य समितीच्या बैठकांच्या तारखा आणि मंजूर प्रकरणांची संख्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी. न्यायाधीन बंद्यांची आढावा समिती दर तीन महिन्यांनी बसते, तिच्या विषयपत्रिकेवर ही सोमवारची यादी पहिल्या क्रमांकावर असावी.

तोवर ज्यांचा माणूस आत आहे त्यांच्यासाठी : जामीन होऊन सात दिवस झाले असतील तर दलालाला पैसे देऊ नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. साध्या कागदावर बंद्याचे नाव, कारागृह, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, जामिनाची तारीख आणि ‘जामीनदार मिळत नाही, अट शिथिल करावी अथवा रोख रक्कम भरण्याची परवानगी व शासकीय साहाय्य मिळावे’ इतके लिहा. रेशनकार्डाची प्रत जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका. पोचेवर तारखेचा शिक्का असला म्हणजे महिन्याभराने न्यायालयाला अटीचा फेरविचार करण्याची विनंती करताना वकिलाच्या हातात पुरावा राहतो.

आपला,
जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करणारा एक वकील